‘घरच्यासारखं’ म्हणजे कुणाच्या घरच्यासारखं?

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, ‘म्हणजे मुंबईत कुठे काय चांगलं मिळतं, ते सांगणार का?’ ते ओघाने येईलच. पण आज मला खरं तर एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. आपण बाहेर जेवून येतो, जेवण आवडलेलं असतं, तेव्हा आपल्या तोंडून पहिलं वाक्य काय निघतं? ‘अगदी घरच्यासारखं होतं हो!’ मराठीत बाहेरच्या जेवणाला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नाही. खाणावळीच्या पाटीवर ‘घरगुती जेवण मिळेल’, मसाल्याच्या पुडीवर ‘घरगुती’, वर्तमानपत्राच्या खाद्यसदरात ‘घरगुती चव’, आणि आता मोबाइलवरून मागवलेल्या डब्यावरही तेच.

मी मुंबईत बरीच वर्षं बाहेर जेवतो आणि घरी स्वयंपाकही करतो. दोन्ही करणाऱ्या माणसाला हा शब्द लवकर खटकायला लागतो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला भांडायला सोपं जाईल. ‘घरच्यासारखं’ ही चव पारखण्याची कसोटी म्हणून फारशी कामाची नाही. ती रांधणाऱ्याचं कसब झाकून टाकते. आणि शेवटी ती त्याच्या, म्हणजे बहुतेक वेळा तिच्या, मजुरीच्या मुळावर येते.

आधी हा शब्द आला कुठून ते बघू. कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी काढली ती १८५४ मध्ये. पुढे गिरण्या वाढल्या तशी कोकणातून, घाटावरून माणसं आली. बायकामुलं गावाकडे आणि बाप्या माणूस इथे. एकेका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा जण, पाळीप्रमाणे झोपणारे. या माणसांना शिजवून घालणारी बाई चाळीतल्या आपल्या खोलीतच चूल पेटवायची. महिन्याचा हिशोब, पगार झाला की पैसे. तिथे ‘घरच्यासारखं’ हा शब्द अक्षरशः खरा होता, कारण ते कुणाचं तरी घरच होतं. पण बघा, जेवणाऱ्यासाठी जे ‘घर’ होतं, तो तिच्यासाठी धंदा होता. तिला किराणा उधारीवर आणायचा होता, सावकाराचं व्याज भरायचं होतं, आणि वीस माणसांचं पहाटेच्या पाळीआधी तयार ठेवायचं होतं. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा त्यांनी नेमकं हेच ओळखलं होतं. या बायका धंदा करतात, तेव्हा त्यांना बँकेचं कर्ज मिळालं पाहिजे, त्यांची संघटना झाली पाहिजे. कौतुकाने ‘अन्नपूर्णा’ म्हणून हात जोडणारे तोपर्यंतही पुष्कळ होते. कर्जाच्या कागदावर तिचं नाव धंदेवाली म्हणून येणं ही वेगळी गोष्ट होती.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आता तुम्हीच विचार करा, गिरणीचा पगार थांबल्यावर महिन्याच्या हिशोबावर चालणाऱ्या खाणावळीचं काय झालं असेल? गिरणगावावर आपण बरंच लिहिलं, आणि लिहायलाच हवं होतं. पण त्या खाणावळींत वाढलं काय जायचं, कालवण कसलं असायचं, घाटावरच्या माणसाला आणि मालवणच्या माणसाला एकच रस्सा चालायचा का, याची नोंद आपल्या खाद्यलेखनात फार तुटपुंजी आहे. चाकरमान्यांचं पोट भरणारं जेवण खवय्याच्या नजरेत भरलं नाही.

‘घरच्यासारखं’चा दुसरा धागा मध्यमवर्गाचा आहे. दादरला मामा काणे यांचं उपाहारगृह १९१० चं, माटुंग्याला रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चं. एकट्याने शहरात राहणारा कारकून, विद्यार्थी, यांना ताटावर बसून नीट जेवता येईल अशा या जागा. त्या काळात जागोजागी ‘हिंदू’, ‘ब्राह्मणांचे’ अशा पाट्या असायच्या. अशा पाटीवरच्या ‘घरगुती’चा अर्थ चवीपेक्षा सोवळ्याशी जवळचा होता. स्वयंपाकघरात कुणाचा हात आहे, त्याची ती हमी होती. शब्द आपण तसाच वापरत राहिलो, त्यातली हमी विसरलो. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ मध्ये आलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या घरांत काय शिजत होतं, ते त्यात सांगितलेलं आहे. ते पुस्तक वाचल्यावर प्रश्न असा पडतो की मुंबईतल्या ‘महाराष्ट्रीय घरगुती थाळी’त ही घरं कुठे आहेत? ताटात त्यांचा एकही पदार्थ नसतो, आणि तरी आपण त्याला सरसकट ‘आपलं’ जेवण म्हणतो.

बरं, जात बाजूला ठेवून नुसती चव घ्या, तरी घर एक नाही. गिरगाव ते माहीम एवढाच पट्टा धरा आणि नुसतं माशाचं कालवण बघा. सारस्वताच्या घरी बांगड्यात तिरफळ पडणार. पाठारे प्रभूंच्या घरी परभी सांबार मसाला, ज्यात मिरची-धण्यांबरोबर गहू आणि हरभऱ्याची डाळही भाजून घातलेली असते. ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरात बॉटल मसाला. कोळ्याच्या घरी वेगळंच तिखट. आंबटाला कुणी कोकम घालेल, कुणी चिंच. यातलं ‘घरच्यासारखं’ कुठलं? तेव्हा हा शब्द आपल्याला जेवणाबद्दल काही सांगतच नाही. बोलणारा कुणाच्या घरी वाढला, तेवढंच तो सांगतो.

आता कसबाकडे येतो. माझ्या दृष्टीने हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि तो घरी स्वयंपाक केल्याशिवाय नीट कळत नाही.

घरी चार माणसांसाठी बांगड्याचं कालवण करताना मी खोबरं, मिरची आणि धणे वाटून घेतो, वाटण उकळायला ठेवतो, तिरफळं जराशी ठेचून टाकतो, आंबट घालतो आणि शेवटी मासे सोडतो. मासा त्या रश्शातच शिजतो. मग ते अर्धा-पाऊण तास तसंच झाकून ठेवायचं. तेवढ्या वेळात मासा आणि रस्सा एकमेकांत मुरतात. याला आपल्याकडे फार सुंदर शब्द आहे, ‘मिळून येणं’. आता खाणावळीत जा. दुपारी दीडशे ताटं लावायची आहेत. मासे सकाळीच रश्शात टाकले तर एक वाजेपर्यंत त्यांचा चुरा होईल. म्हणून बऱ्याच ठिकाणी रस्सा वेगळा तयार असतो, तुकडा ऐन वेळी त्यात पडतो किंवा तव्यावर तळून शेजारी येतो. खाताना आपल्याला वाटतं, रस्सा छान आहे, मासा ताजा आहे, पण काहीतरी राहिलंय. राहिलंय ते हे. इथे ‘घरची सर नाही’ असं म्हणून उठलात, तर तुम्ही काहीच सांगितलं नाहीत. ‘रस्सा मिळून आला नव्हता’ म्हणालात, तर ते निदान झालं. आणि एखाद्या खाणावळीत डोकी आणि काटे उकळून रश्शात उतरवलेले असतील, त्यामुळे दीडशे ताटांतही रस्सा माशाचा लागत असेल, तर त्या आचाऱ्याचं कसब माझ्या घरच्या कालवणापेक्षा वरचं आहे. त्याला ‘घरच्यासारखं’ म्हणणं म्हणजे त्याला खाली आणणं झालं.

सोलकढीचंही तसंच. ओल्या नारळाचं दूध काढून कोकमाचं आगळ घालणं हे काम अवघड नाही. अवघड आहे ते वेळ सांभाळणं. सकाळी काढून ठेवलेली कढी उन्हाळ्यात दुपारी फुटायला लागते, तिला वास येतो. म्हणून खाणावळ पारखायची तर मी गर्दीच्या वेळी जात नाही, दुपारी तीनच्या सुमाराला जातो आणि आधी कढी मागवतो. तीन वाजता कढी ताजी असेल तर आत कुणीतरी दुसऱ्यांदा नारळ खवायला बसलं होतं. तांदळाची भाकरीही असंच सांगते. उकड नीट मळलेली आणि भाकरी आत्ता थापलेली असेल तर ती मोडताना दुमडते. गार करून ठेवलेली असेल तर तिला चिरा पडतात. या खुणा वाचता येतात, पण त्यासाठी आपण स्वतः कधीतरी भाकरी थापून मोडलेली असायला हवी.

आणि काही पदार्थांची घरं कधी नव्हतीच, त्यांचं काय करायचं? पाव बघा. तो पोर्तुगीजांबरोबर आला, गोव्याच्या पाववाल्यांनी मुंबईत आणला, पुढे इराण्यांच्या बेकऱ्यांत भाजला गेला. कयानी १९०४ पासून आहे, ब्रिटानिया १९२३ पासून. कडक ब्रून पाव आणि मस्का ही कुणाच्याच आजीची पाककृती नाही. वडापाव दादर स्टेशनबाहेर १९६६ मध्ये अशोक वैद्य यांनी सुरू केला असं मानलं जातं. तोही जन्माला आला तो फुटपाथवर. पावभाजी घरी कढईत केली की ती शिजते. गाडीवरच्या रुंद लोखंडी तव्यावर पाणी झपाट्याने उडतं, भाजी ठेचता ठेचता लोण्यात भाजली जाते, आणि तो खरपूसपणा कढईत येत नाही. डोशाचंही तेच. हॉटेलचा जाड तवा उष्णता धरून ठेवतो. आपला पातळ तवा पीठ पडताच गार होतो. म्हणजे मुंबईच्या निम्म्या खाण्याला घर ही कसोटी लागूच पडत नाही. या शहराने जे स्वतःचं म्हणून निर्माण केलं, नेमकं तेच या शब्दात बसत नाही.

मराठीत याबद्दल चांगलं लिहिलं गेलंच नाही, असं मी म्हणत नाही. पु. ल. देशपांड्यांचा ‘माझे खाद्यजीवन’ आपण सगळ्यांनी वाचलाय. त्यातली गंमत भाषेची आहे, खाणाऱ्याच्या स्वभावाची आहे. त्यांच्यामागून आलेल्यांनी उचलली ती विशेषणं. ‘अप्रतिम’, ‘तोंडाला पाणी सुटणारं’, ‘जिभेवर रेंगाळणारं’. दुर्गा भागवतांचं ‘खमंग’ वेगळ्या वाटेने जातं. तिथे विदुषीची नजर थेट चुलीपर्यंत पोचते. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७० मध्ये वाटी-चमच्याचं माप दिलं आणि ‘अंदाजाने घ्यावे’ यातली अडचण दूर केली. माझ्या मते तीही समीक्षाच होती, कारण चव सांगता येते, शिकवता येते, हे तिने दाखवून दिलं. खाद्यसदरांनी या दोघींकडून शिकायला हवं होतं.

याची किंमत काय पडते, ते खोताच्या वाडीतल्या अनंताश्रमावरून सांगतो. ती खाणावळ बंद झाली. तिच्या आठवणी मी खूप वाचल्या. गर्दीच्या, शिस्तीच्या, रांगेच्या. पण रश्शात आंबट काय होतं, वाटण भाजलेलं होतं की कच्चं, हे त्या आठवणींत शोधू लागलो तर हाती फार थोडं लागतं. सगळे एवढंच म्हणतात, ‘घरची आठवण यायची.’ घराची आठवण आली खरी, पण रस्सा गेला तो गेलाच.

शेवटचा मुद्दा पैशांचा. पोळीभाजी केंद्रावर उभे राहून ऐका. ‘एवढ्याशा पोळीचे इतके पैसे? घरीच करतो की आम्ही!’ हॉटेलातल्या नानला हे कुणी म्हणत नाही. पोळीलाच का? कारण पोळी घरी होते, आणि घरी ती फुकट होते. म्हणजे ती लाटणाऱ्या बाईला आपण पैसे देत नाही. ‘घरच्यासारखं’ म्हणताना आपण चवीचं कौतुक करतो आणि त्याच दमात भावही पाडतो. पुरणपोळी करून विकणारी बाई पुरण वाटते, कणीक तिंबते, तासन्‌तास तव्यासमोर उभी राहते. तिच्या कामाला ‘घरगुती’ म्हटलं की त्यातले तास दिसेनासे होतात. म्हणून मला हा शब्द नुसता आळशी वाटत नाही, महागही वाटतो. फक्त त्याची किंमत भरणारी आपण नसतो.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.

(श्रोत्यांमधून प्रश्न : मग आईच्या हातच्या चवीला काही अर्थच नाही का?)

आहे ना. भरपूर आहे. पण आईच्या हातची चव म्हणजे चव आणि आठवण यांचं मिश्रण. ते आपण जपावं. फक्त दुसऱ्याच्या खाणावळीत ते माप घेऊन जाऊ नये. आणि एखाद्या दिवशी आईला विचारा, तू त्यात काय घालतेस आणि किती वेळ परततेस. पुष्कळांनी हे कधी विचारलेलं नसतं.

(प्रश्न : जेवण आवडलं तर म्हणायचं काय मग?)

जे आवडलं ते नाव घेऊन सांगायचं. ‘रस्सा छान मिळून आलाय.’ ‘तिरफळ बरोब्बर लागतंय, उग्र नाही.’ ‘भाकरी कुणी थापली?’ हा शेवटचा प्रश्न तर जरूर विचारा. आतून कुणीतरी डोकावून बघेल. तिला सांगा, भाकरी उत्तम झाली होती. आणि बिल देताना घासाघीस करू नका.