सेलमचे नाटक आणि सेलमचा पुरावा

आर्थर मिलर यांचे ‘द क्रूसिबल’ (१९५३) हे नाटक वाचले की विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न असतो, “हे खरेच घडले का?” घडले. मॅसॅच्युसेट्समधील सेलम येथे १६९२ साली चेटुकाच्या आरोपावरून १९ जणांना फाशी दिले गेले; त्यांत १४ स्त्रिया होत्या. जाळले मात्र कोणालाच नाही. (आमचीही अनेक वर्षे तशीच समजूत होती.) गुन्हा कबूल करणारे वाचत आणि नाकारणारे फासावर जात, ही विपरीत गोष्ट नाटकात अगदी बरोबर उतरली आहे.

पण नाटकातली ॲबिगेल १७ वर्षांची आहे, जॉन प्रॉक्टर तिशीतला. दोघांचे जुने संबंध आणि तिचा सूड यांवर कथानक उभे आहे. खरी ॲबिगेल ११-१२ वर्षांची होती, प्रॉक्टर साठीचा. त्यांच्या संबंधांचा कागदोपत्री मागमूसही नाही. वय वाढवल्याचे मिलर यांनी पुस्तकाच्या आरंभीच सांगितले आहे, तेव्हा फसवणुकीचा आरोप आम्ही करणार नाही. आमची तक्रार अशी की, या बदलाने घटनेचे कारणच बदलते. झिडकारलेली एक मुलगी नसती तर हे घडलेच नसते, असे वाचकाला वाटू लागते.

खरी मेख पुराव्यात होती. ‘अमक्या बाईची छाया येऊन मला चिमटे काढते’ ही साक्ष न्यायालय ग्राह्य धरत होते. ती छाया इतर कोणालाच दिसत नसे. मग आरोपीने ती खोटी ठरवायची कशी? नाटकातला न्यायाधीश या अडचणीला स्पर्श करतो, पण लगेच प्रेमप्रकरण पुढे सरसावते. ऑक्टोबर १६९२ मध्ये गव्हर्नर फिप्स यांनी ते खास न्यायालय बरखास्त केले. जानेवारी १६९३ पासून नव्या न्यायालयात छायेच्या साक्षीवर भिस्त उरली नाही, आणि बहुतेक आरोपी सुटले. गाव तेच, चेटुकावरचा विश्वासही तोच. वर्गात चर्चेला घ्यावा असा हा भाग. पण नाटक प्रॉक्टरच्या फाशीपाशीच संपते, आणि ती फाशी प्रत्यक्षात ऑगस्टमधली.

आम्हा विज्ञानवाल्यांचीही एक आवडती गोष्ट आहे. राय या धान्यावरील अर्गट बुरशीच्या विषाने मुलींना झटके आले असावेत, अशी कल्पना १९७६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली गेली. त्याच वर्षी तिथेच तिचे खंडनही छापून आले. ते मात्र फारसे कोणाला आठवत नाही. सूडाच्या कथेप्रमाणे या कथेतही न्यायाधीश नामानिराळे राहतात. शिवाय आरोपीने नजर टाकली की मुली तडफडत आणि तिचा हात लावला की शांत होत, असे नोंदींत आहे. आरोपी कोण, हे बुरशीला कसे कळत असावे?