सामर्थ्य आणि प्रमाण : मार्ककृत शुभवर्तमानातील भूतनिःसारण

ईश्वरी सामर्थ्यापुढे भुते टिकत नाहीत, ही श्रद्धा ख्रिस्ती धर्मात बाहेरून शिरलेली लोकसमजूत नव्हे. शुभवर्तमानांपैकी सर्वांत जुने मानले जाणारे मार्ककृत शुभवर्तमान इ. स. ७० च्या सुमारास रचले गेले. त्यात येशूचे पहिले अद्भुत कृत्य कफर्णहूमच्या सभास्थानात घडते आणि ते भूत काढण्याचेच आहे. (योहानकृत शुभवर्तमानात अशी एकही कथा नाही, हे येथेच नोंदवून ठेवू.) आपल्या वाचकांपैकी अनेकजण हा सारा प्रकार ‘अंधश्रद्धा’ ह्या एका शब्दाने निकालात काढतील. शब्द चुकीचा नाही. परंतु ग्रंथ वाचण्यापूर्वीच तो उच्चारला तर समीक्षा होत नाही. शिवाय तोच शब्द उलटून आपल्यावर केव्हा येईल, हेही ध्यानात राहत नाही.

मार्कच्या पाचव्या अध्यायातील कथा ह्या दृष्टीने सर्वांत समृद्ध आहे. गालील समुद्राच्या पैलतीरी, गरसेकरांच्या प्रदेशात, एक माणूस थडग्यांमध्ये राहतो. लोकांनी त्याला बेड्या आणि साखळदंड घातले, ते त्याने तोडले. रात्रंदिवस तो ओरडतो आणि दगडांनी स्वतःला जखमी करून घेतो. येशू त्याच्या अंगातील शक्तीला नाव विचारतो, तेव्हा ‘सैन्य’ असे उत्तर येते. मग ती भुते सुमारे २००० डुकरांच्या कळपात शिरतात आणि सारा कळप कड्यावरून समुद्रात बुडतो. भूगोल मात्र ह्या कथेला साथ देत नाही. गरसा, म्हणजे जॉर्डनमधील आजचे जेराश, त्या समुद्रापासून सुमारे पन्नास किलोमीटर दूर आहे. म्हणूनच की काय, मत्तयाने गरसेकरांचे गदरेकर केले. एका माणसाचे दोन का केले, ते तोच जाणे.

मराठी भाषांतरांत ‘अशुद्ध आत्मा’ हा शब्द येतो. मूळ ग्रीक शब्द ‘प्न्यूमा’. त्याचा आदिम अर्थ वारा, श्वास. आपल्या खेड्यांतील ‘वारे अंगात येणे’ हा प्रयोग मुळाशी अधिक जुळतो. तेव्हा अनात्मवादी वाचकाने येथे ‘आत्मा’ ह्या शब्दाशी झुंजत बसण्याचे कारण नाही. ‘सैन्य’ ह्या शब्दाचे तसे नाही. तेथे मुळात ‘लेगिओन’ हा लॅटिनमधून आलेला शब्द आहे. पाच-सहा हजार सैनिकांच्या रोमी पथकाचे ते नाव. जेरुसलेमला वेढा घालणाऱ्या दहाव्या लेगिओनच्या चिन्हांत रानडुक्करही होते. ह्यावरून काही आधुनिक अभ्यासक ही कथा पारतंत्र्याची कथा म्हणून वाचतात : ज्याने देश व्यापला, तोच ह्या माणसाच्या अंगात शिरला आहे. हे वाचन मोहक आहे, परंतु मला ते अपुरे वाटते. डुकरांचा उलगडा त्याने होतो, शेवटाचा होत नाही. शेवटी तो माणूस कपडे घालून, शुद्धीवर येऊन शांत बसलेला दिसतो आणि लोक भितात ते तेव्हा. ते येशूला आपल्या प्रदेशातून निघून जाण्याची विनंती करतात. साखळदंडातला वेडा त्यांच्या सवयीचा झाला होता. त्याचे नाव संपूर्ण कथेत येत नाही. नाव विचारले जाते ते भुताला. ह्या शेवटात मार्कमधला लेखक त्याच्यातील धर्मप्रचारकाच्या पुढे जातो, असे माझे मत आहे.

तात्त्विक प्रश्न मात्र तिसऱ्या अध्यायात आहे. यरुशलेमहून आलेले शास्त्री म्हणतात की हा भुतांचा अधिपती बालजबूल याच्याच साहाय्याने भुते काढतो. आक्षेप गंभीर आहे. शास्त्री कृत्य नाकारत नाहीत. त्यामागे कोणाचे बळ आहे, एवढेच विचारतात. सैतानच सैतानाला हाकलू लागला तर त्याचे राज्य टिकणार कसे, असे येशूचे उत्तर. ते चतुर आहे, परंतु सामर्थ्याची कक्षा ओलांडत नाही. बलवानाला बांधणारा त्याहून बलवान असतो, इतकेच त्यातून निष्पन्न होते.

दीघनिकायातील केवट्टसुत्तात हाच आक्षेप येतो. नालंदेत केवट्ट गृहपती तथागतांना विनवतो की भिक्खूंकडून इद्धिपाटिहारिय दाखवावे, म्हणजे लोकांची श्रद्धा वाढेल. तथागत उत्तर देतात की अश्रद्ध माणूस म्हणेल, हे गांधारी विद्येच्या बळावर झाले. विशेष असे की ते हा आक्षेप खोडून काढत नाहीत. तो घेतला जाणारच हे मान्य करून ते ऋद्धीला प्रमाणाच्या आसनावरून खाली उतरवतात आणि अनुसासनीपाटिहारिय, म्हणजे उपदेशाचे प्रातिहार्य, श्रेष्ठ ठरवतात.

सामर्थ्य हेच प्रमाण ठरले की अपयशाचा भार माणसांच्या श्रद्धेवर पडतो. मार्कच्या नवव्या अध्यायात फेफऱ्यासारखी लक्षणे असलेल्या मुलापुढे शिष्य हरतात, तेव्हा प्रार्थनेवाचून हे साधत नाही असे त्यांना सांगण्यात येते. रोमन चर्चला हा धोका ठाऊक होता. १६१४ च्या विधिग्रंथातच, भूतबाधा झाली असे सहजासहजी मानू नये, अशी ताकीद आहे. १९९९ साली विधी सुधारूनही ती कायम राहिली. तरीही १९७६ साली जर्मनीतील बव्हेरियात, अपस्माराचे उपचार घेतलेली एक तरुण विद्यार्थिनी, बिशपच्या अनुमतीने ६७ वेळा झालेल्या विधींनंतर उपासमारीने मरण पावली. १९७८ साली न्यायालयाने तिचे आईवडील आणि दोन धर्मगुरू यांना दोषी ठरवले.

आपण बौद्धांनी येथे सुटकेचा निःश्वास टाकू नये. आटानाटियसुत्त यक्षादिकांपासून रक्षणासाठीच आहे, आणि त्याच्या अट्ठकथेत अमनुष्याने पछाडलेल्या माणसाचा विधी तपशिलाने दिला आहे. आधी मेत्त, धजग्ग व रतन ही सुत्ते. बाधा न सुटल्यास आटानाटिय. तेथेही प्रथम ‘तुझे नाव काय’ असेच विचारायचे आहे. फरक पुढे दिसतो. त्या अमनुष्याला पुण्याचा वाटा देऊन, संघाविषयीच्या आदराखातर ह्याला सोड, अशी विनवणी केली जाते. न ऐकल्यास देवतांकडे तक्रार. विनवणी आज्ञेपेक्षा सौम्य खरी, पण भूमिका तीच. घरोघरी परित्राणपाठ करणाऱ्यांनी हा उतारा मुळातून वाचावा आणि केवट्टसुत्ताशेजारी ठेवावा.

विनयात मात्र वेगळे काही आढळते. महावग्गात गग्ग नावाचा एक वेडा भिक्खू आहे. त्याला उपोसथ कधी आठवतो, कधी आठवत नाही. तो कधी येतो, कधी येत नाही. त्याच्यासाठी ‘उम्मत्तकसम्मुति’ सांगितली आहे : त्याला आठवो वा न आठवो, तो येवो वा न येवो, संघाने उपोसथ करावा. चुल्लवग्गात तो बरा झालेला दिसतो. तरी वेडात केलेल्या कृत्यांवरून भिक्खू त्याला दोष देत राहतात. तेव्हा त्याला ‘अमूळ्हविनय’ देण्यात येतो, आणि ती कृत्ये त्याच्याविरुद्ध पुन्हा काढण्यास संघात जागा उरत नाही.