भिंतीवरच्या तक्त्यातला रामापिथेकस

पनवेलच्या खांदा कॉलनीत एका विज्ञान प्रदर्शनाला आम्ही गेलो होतो. तेथे 'मानवाची उत्क्रांती' हा तक्ता टांगलेला होता. प्रथम कपी, मग रामापिथेकस, शेवटी माणूस, अशी एका ओळीतली रांग. तक्ता देखणा, अक्षर सुबक. पण रामापिथेकसला त्या जागेवरून विज्ञानाने १९८०च्या दशकातच उतरवले आहे.

हा जीवाश्म आपल्याच देशातला. १९३२ साली जी. एडवर्ड लुइस यांना हिमाचलमधील हरितल्यांगरजवळ, शिवालिकच्या खडकांत, वरच्या जबड्याचा तुकडा मिळाला. १९३४ मध्ये त्यांनी त्याला रामाचे नाव दिले. १९६०च्या दशकात एल्विन सायमन्स व डेव्हिड पिलबीम यांनी त्याला मानवी शाखेचा आद्य पूर्वज मानले. आधार काय? लहान सुळे आणि तुकड्यांवरून कल्पिलेली जबड्याची कमान!

१९६७ मध्ये व्हिन्सेंट सॅरिच व ॲलन विल्सन यांनी रक्तातील प्रथिनांची तुलना केली. माणूस व आफ्रिकी कपी यांच्या शाखा सुमारे ५० लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, असा त्यांचा निष्कर्ष होता. रामापिथेकस तर त्याहून कितीतरी जुना. बहुतेक जीवाश्मतज्ज्ञांना हे पटले नाही. पुढे पाकिस्तानातील पोटवार पठारावर शिवापिथेकसच्या चेहऱ्याचा बराच भाग सापडला. १९८२ मध्ये त्याचे वर्णन खुद्द पिलबीम यांनीच प्रसिद्ध केले. तो चेहरा ओरांगउटानशी जुळत होता! रामापिथेकस म्हणजे शिवापिथेकसच, बहुधा लहान चणीची मादी, हे मत मग रूढ झाले. मात्र 'शिवापिथेकस हा ओरांगउटानचा पूर्वज' असेही ठामपणे शिकवू नये; १९९० मध्ये वर्णिलेली त्याची दंडाची हाडे ओरांगउटानसारखी नाहीत.

तक्त्याचा दुसरा दोष रांगेचा. उत्क्रांतीला फांद्या असतात. चिंपांझी आपला आजोबा नव्हे, चुलतभाऊ आहे.

असे जीवाश्म पनवेलला का मिळत नाहीत, असे मुले विचारतील. आपल्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. तेव्हा कपी नव्हतेच.

शिक्षक मित्रहो, तक्ता काढून टाकू नका. रामापिथेकसवर प्रश्नचिन्ह चिकटवा आणि तज्ज्ञांनी आपले मत कोणत्या पुराव्यामुळे बदलले, हे मुलांनाच शोधायला सांगा.