६५ पैकी ६५ बरे, मग प्रश्न कशाला?

सेलूच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या आमच्या मित्राने दहावीच्या वर्गात एक कात्रण वाचून दाखवले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात मेंदू आणि कणा जिथे जुळतात त्या जागी झालेल्या शस्त्रक्रियांविषयीचे ते होते. मथळ्यात अर्थातच ‘चमत्कार’ हा शब्द होता. वाचून झाल्यावर मित्राने मुलांना विचारले, ‘एवढ्यावरून ही शस्त्रक्रिया योग्य ठरते का?’ मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘सर, ६५ पैकी ६५ बरे झाले म्हणता, मग आणखी काय पाहिजे?’ मित्राला नीट उत्तर देता आले नाही. तो प्रश्न घेऊन आमच्याकडे आला. आम्हालाही लगेच देता आले नाही, म्हणून मूळ शोधनिबंध काढून वाचले. वाचताना असे लक्षात आले की त्या एका कात्रणात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या आहेत : एक तंत्र, त्या तंत्राचे नाव आणि एक सिद्धांत. तिघांचा पुरावा सारख्या वजनाचा नाही.

आधी जागा समजून घेऊ. मानेत सात मणके असतात. सर्वांत वरचा ॲटलास हा बांगडीसारखा असतो आणि त्यावर कवटी टेकलेली असते. दुसरा ॲक्सिस. त्याच्या अंगातून एक खुंटी वर निघते आणि ॲटलासच्या बांगडीत जाऊन बसते. जात्याची वरची तळी खुंट्याभोवती फिरते तसा ॲटलास या खुंटीभोवती फिरतो. आपण मान डावीउजवीकडे वळवतो त्यातले सुमारे निम्मे वळणे या एकाच सांध्यात होते. खुंटीच्या लगेच मागे मज्जारज्जू असतो. दोघांच्या मध्ये एक आडवा, चिवट बंध. हा बंध जन्मतः सैल असेल, किंवा खुंटीच नीट बनलेली नसेल, तर मान वाकताना खुंटी मागे सरकते आणि मज्जारज्जू दाबला जातो. हातापायांतली ताकद हळूहळू जाते. मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी १९६७ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात अशा २८ रुग्णांचा अभ्यास छापला होता. आपल्याकडे या दुखण्याकडे शास्त्रीय नजरेने पाहणे फार आधी सुरू झाले आहे, हे कात्रणात नव्हते.

सांधा सैल असेल तर तो घट्ट करायचा, ही कल्पना साधी आहे. अडचण जागेची. मणक्यांच्या भोकांतून मेंदूकडे जाणारी धमनी तिथेच वळण घेते, शेजारी शिरांचे जाळे असते, आणि हाडे बोटाएवढी. १९३९ साली गॅली यांनी दोन मणक्यांच्या मागच्या कमानी तारेने बांधण्याची पद्धत सांगितली. तार ओढ सहन करते, पण पिळाला पुरी पडत नाही, आणि हा सांधा तर फिरण्यासाठीच बनलेला. बैलगाडीची जुवाडी दोरीने बांधलेली पाहिली असेल त्याला हे वेगळे सांगायला नको. १९८७ मध्ये मागर्ल यांनी खालच्या मणक्यातून सांधा ओलांडून वरच्या मणक्यात जाणारा एकच लांब स्क्रू वापरला. पकड उत्तम, पण दोन्ही मणके आधी एका रेषेत आणावे लागतात. शिवाय धमनीचे वळण प्रत्येकात वेगळे असल्याने तो मार्ग सर्वांना चालत नाही.

केईएमचे डॉ. अतुल गोयल आणि डॉ. लाहेरी यांनी १९९४ साली जे छापले ते असे : प्रत्येक मणक्याला त्याचा स्वतंत्र स्क्रू द्यायचा, ॲटलासच्या बाजूच्या जाड भागात एक आणि ॲक्सिसमध्ये एक, दोन्ही बाजूंना मिळून चार. मग वरखालचे स्क्रू प्लेटने जोडायचे. त्याआधी सांधा उघडून आतली कूर्चा खरवडायची आणि हाडाचे तुकडे भरायचे, म्हणजे दोन्ही हाडे कालांतराने एकजीव होतात. स्क्रू आणि प्लेट हा तोपर्यंतचा आधार. २००२ मध्ये त्यांनी १६० रुग्णांचा अनुभव मांडला. २००४ मध्ये पुढचे पाऊल. खुंटी कवटीच्या तळाच्या भोकात वर घुसलेली असली तर पूर्वी तोंडातून, घशाच्या मागच्या भिंतीतून शिरून ती कापून काढत. गोयल यांनी मागच्या बाजूने सांध्याची दोन हाडे एकमेकांपासून दूर करून खुंटी खाली आणली. घुसलेली खुंटी कापायची नाही, आल्या वाटेने परत न्यायची. हा विचार आम्हाला फार सुंदर वाटतो.

या तंत्राबद्दल आमच्या मनात शंका नाही, आणि त्याचे कारण ६५ हा आकडा नाही. जगभरच्या शल्यवैद्यांनी, ज्यांचा केईएमशी काही संबंध नव्हता अशांनी, ते आपापल्या रुग्णांवर करून पाहिले आणि ते टिकले, हे कारण आहे. त्याची किंमतही निबंधांत स्पष्ट लिहिली आहे. सांध्यापर्यंत पोचण्यासाठी तिथल्या मज्जातंतूची गाठ कापतात, त्यामुळे डोक्याच्या मागच्या भागाला बधिरपणा येऊ शकतो.

नावाची कथा थोडक्यात. २००१ साली जर्मनीचे हार्म्स आणि मेल्चर यांनी ३७ रुग्णांवरचा निबंध छापला. स्क्रूंच्या जागा जवळजवळ त्याच. पण प्लेटऐवजी सळ्या आणि हव्या त्या दिशेला वळणारी डोकी असलेले स्क्रू. पुष्कळ वर्षे हे तंत्र ‘हार्म्सचे’ म्हणूनच शिकवले गेले. आता ‘गोयल-हार्म्स’ असे म्हणतात. आम्ही स्वतः एका शाळेतल्या भाषणात ‘आपले तंत्र परदेशी लोकांनी पळवले’ असे ठोकून दिले होते आणि टाळ्या मिळवल्या होत्या. नंतर दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचल्यावर ते वाक्य मागे घ्यावे लागले. आधी कोणी केले याचे उत्तर सरळ आहे, १९९४ हे २००१ च्या आधी येते. पण नंतरच्या निबंधात नवे काहीच नव्हते असे म्हणणे खरे नाही. सळ्या आणि वळणाऱ्या डोक्यांच्या स्क्रूंमुळे काम पुष्कळ सोपे झाले. असो, टाळ्या परत करता येत नाहीत.

आता सिद्धांत, आणि ६५ हा आकडा इथलाच आहे. १८९१ साली प्रागमध्ये हान्स कियारी यांनी एक विकृती वर्णिली. लहान मेंदूच्या खालच्या दोन गाठी कवटीच्या भोकातून मानेत उतरलेल्या असतात. (त्यांनाही टॉन्सिलच म्हणतात. घशातल्या टॉन्सिलशी त्यांचा संबंध नाही. वर्गात सांगताना हे आधी सांगावे, नाहीतर तास तिथेच संपतो.) काही रुग्णांत मज्जारज्जूच्या आत पाण्याची पोकळी तयार होते. वेदना आणि उष्णता यांची जाणीव जाते आणि चुलीवरचे भांडे उचलले तरी चटका कळत नाही. प्रचलित समजूत अशी की कवटीचा मागचा कप्पा लहान पडल्यामुळे मेंदू खाली ढकलला जातो. म्हणून भोक मोठे करून जागा द्यायची. या शस्त्रक्रियेने बऱ्याच रुग्णांना आराम पडतो, काहींना पडत नाही.

२०१५ साली गोयल यांनी हे उलटे करून मांडले. त्यांच्या मते दोष मुळात ॲटलास-ॲक्सिसच्या सैल सांध्यात आहे. खाली उतरलेल्या गाठी हा आजार नसून मज्जारज्जूला धक्का बसू नये म्हणून निसर्गाने पुढे केलेली उशी आहे. तेव्हा भोक मोठे करू नका, सांधा घट्ट करा. त्यांनी ६५ रुग्णांत तेवढेच केले आणि सर्वांना आराम पडल्याचे लिहिले. कल्पना धाडसी आहे. परिणामाला कारण आणि कारणाला परिणाम समजण्याची चूक विज्ञानात वारंवार झालेली आहे, त्यामुळे उलटे आहे म्हणून ती हसण्यावारी नेता येणार नाही.

पण मागच्या बाकावरच्या त्या मुलीला उत्तर इथेच द्यायचे आहे. शिक्षकांना एक अनुभव नेहमीचा असेल. घटक चाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेली दहा मुले निवडा आणि त्यांना काहीही करायला लावा, सूर्यनमस्कार घालायला लावा. पुढच्या चाचणीत त्यांची सरासरी बहुधा वाढलेली दिसेल. ती दहाजण आपण त्यांच्या वाईट दिवशी निवडलेली असतात. सूर्यनमस्कारांचा गुण कळायचा तर तशीच दुसरी दहा मुले सूर्यनमस्काराविना ठेवावी लागतात. त्या ६५ रुग्णांच्या शेजारी, चिठ्ठ्या टाकून निवडलेले आणि फक्त भोक मोठे केलेले दुसरे रुग्ण नव्हते.

ही तक्रार पुस्तकी वाटेल म्हणून मेंदूच्या शस्त्रक्रियेतलाच एक दाखला. १९६७ साली झुरिकला याशारगिल यांनी कवटीबाहेरची रक्तवाहिनी आतल्या रक्तवाहिनीला जोडली. मेंदूला रक्त कमी पडते, तेव्हा दुसरीकडून आणू, हा तर्क पाटाच्या पाण्याइतका सरळ. जगभर हे सुरू झाले. पुढे १,३७७ रुग्णांची चिठ्ठ्या टाकून तुलना केली, निकाल १९८५ मध्ये आला. जोडलेल्या वाहिन्यांपैकी ९६ टक्के वाहत्या होत्या, म्हणजे हातातले कौशल्य अव्वल. पण पक्षाघात कमी झाले नाहीत. कण्याचा दाखला २००९ चा आहे. मोडक्या मणक्यात सिमेंट भरण्याच्या उपचाराची दोन चाचण्यांत लटक्या उपचाराशी तुलना केली. सिमेंट न भरलेल्यांच्या खोलीतही त्याचा वास यावा म्हणून डबा उघडला होता. वेदना दोन्ही गटांत सारख्याच कमी झाल्या. नंतर २०१६ मध्ये ताज्या मोडीच्या रुग्णांत फायदा दाखवणारी चाचणीही आली. म्हणजे वाद तुलनेनेच सुरू झाला आणि तुलनेनेच पुढे सरकला.

आमचा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गोयल यांनी सैलपणाचे तीन प्रकार सांगितले. पहिल्यात वरच्या मणक्याचा सांध्याचा पृष्ठभाग पुढे सरकलेला असतो, दुसऱ्यात मागे. हे दोन्ही चित्रांत दिसतात. तिसऱ्यात हाडे जागच्या जागी असतात. सैलपणाची खात्री होते ती शस्त्रक्रियेच्या वेळी हाड हाताने हलवून. आता, ज्याचा सिद्धांत त्याच्याच हाताला सैलपणा जाणवत असेल, तर दुसऱ्याने तो तपासायचा कसा? मोजमाप नको, अनुभवी हात पुरेसा, असे म्हणणे कौशल्याच्या बाबतीत ठीक आहे, कारणमीमांसेच्या बाबतीत नाही. आणि केवळ भोक मोठे करूनही बऱ्याच जणांना आराम का पडतो, याचेही उत्तर सिद्धांताने द्यायला हवे.

एवढे ताणून धरण्याचे कारण सांध्यातच आहे. सांधा जोडला की मानेचे निम्मे वळणे कायमचे जाते. खुंटी मज्जारज्जूत घुसली असेल तर हा सौदा स्वस्तच आहे. पण सांधा मुळात धड असेल, तर नागपूर रस्त्यावर दुचाकी चालवणाऱ्या माणसाला मागे वळून पाहण्याची सोय उगाच गमवावी लागते.

कात्रणात यातले काहीच नव्हते. ‘चमत्कार’ होता, तंत्राचे यश सिद्धांताच्या खात्यावर जमा केलेले होते आणि ज्या गोष्टीचा खरा अभिमान वाटावा, पालिकेच्या रुग्णालयात जन्मलेले तंत्र जगाने तपासून स्वीकारले, ती एका ओळीत उरकली होती.

हे लिहीत असताना तोच मित्र पुन्हा आला. या वेळी हातात त्याच्या चुलतबहिणीचा एमआरआय होता, अहवालात ‘कियारी’ लिहिलेले. सेवाग्रामला दाखवायचे, नागपूरला की थेट मुंबईला, असा घरात घोळ चालला होता. आम्ही डॉक्टर नाही, हे त्याला पहिल्यांदा सांगितले. मग एका कागदावर विचारायचे प्रश्न लिहून दिले. मान पुढे आणि मागे वाकवून काढलेल्या चित्रांत सांधा हलताना दिसतो का? दिसत नसेल तर तो सैल आहे हे कशावरून? नुसते भोक मोठे करून पुरले नाही तर सांधा नंतर जोडता येईल का? आणि आधी जोडला, तर तो पुन्हा मोकळा करता येईल का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्याने तिथेच दिले. कागद घडी करून खिशात घातला आणि बस गाठायला निघाला.