गुडघ्याची दांडी मऊ केली आणि सर म्हणाले, ‘काढ ते’



पेटच्या तयारीत असलेले बरेच जण सिनॉप्सिसचं शीर्षक दाखवून विचारतात, “ताई, कसं वाटतंय?” त्यातल्या कितीतरी शीर्षकांत ‘अधिक सोयीस्कर’, ‘अधिक आरामदायी’, ‘सुधारित’ असे शब्द असतात. अशा शीर्षकावर मी आधी एकच विचारते : कोणासाठी सोयीस्कर, आणि ती सोय मोजणार कशी? बहुतेक वेळा समोरचा गप्प होतो. मीही एकदा अशीच गप्प झाले होते. आज दुसऱ्या कोणाच्या नव्हे, माझ्याच त्या जुन्या कच्च्या प्रस्तावाची चिरफाड करायची आहे.

माझी पीएच.डी. पातळ थरांवर, म्हणजे थिन फिल्म्सवर आहे. पण एम.एस्सी. संपल्यावर डोक्यात पहिला विषय आला तो वेगळाच होता : ‘ऑर्गनच्या गुडघ्याच्या दांड्या अधिक आरामदायी करणे’. हसू नका. परभणीत आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एक सर राहतात. वय सत्तरीच्या पुढे. गणपतीत, नवरात्रात नाट्यगीतांच्या कार्यक्रमांना ते जुन्या पायडलच्या ऑर्गनवर साथ करायचे. मग हळूहळू करेनासे झाले. विचारलं तर म्हणाले, “गुडघा बेजार करतो गं. दोन पदं झाली की बसवत नाही.”

हा ऑर्गन ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हातपेटीत एक हात भात्यावर अडकतो आणि स्वरांना एकच हात उरतो. पायडलच्या ऑर्गनमध्ये हवेचं काम दोन्ही पायांकडे जातं, त्यामुळे दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे राहतात. शिवाय पट्ट्यांच्या खाली, मांड्यांच्या उंचीवर, दोन दांड्या लोंबत असतात. उजव्या गुडघ्याने एक दांडी बाहेर ढकलली की आतली झडप उघडते आणि आवाज मोठा होतो. डाव्या गुडघ्याची दांडी ढकलली की एकदम सगळे स्टॉप उघडतात आणि पूर्ण ऑर्गन बोलू लागतो. युरोप-अमेरिकेत ही वाद्यं घराच्या दिवाणखान्यात आणि लहान चर्चमध्ये वाजायची. आपल्याकडे ती संगीत रंगभूमीवर स्थिरावली. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ने संगीत नाटकाची वाट मोठी केली. पुढे बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत (स्थापना १९१३) ऑर्गनची साथ नाटकाच्या ओळखीचाच भाग झाली. गायक नटाने स्वर लांबवला की त्याच्याखाली ऑर्गन फुगत जायचा. ते फुगणं गुडघ्यातून यायचं.

तर माझा प्रस्ताव. मी तीन उपाय लिहिले होते. एकेक तपासू.

पहिला उपाय : दांडीला स्पंज लावणे. लाकूड टोचतं, म्हणून मऊ करा. मी सायकलच्या सीटचा जाड स्पंज कापून दांडीला बांधला. सरांनी एक पद वाजवलं आणि म्हणाले, “काढ ते. किती दाबलं तेच कळना गेलं.” झालं असं की गुडघा आधी स्पंज दाबत होता आणि त्यानंतर दांडी सरकत होती. सुरुवातीची हालचाल आवाजात उतरतच नव्हती. त्वचेला आराम मिळाला, पण स्नायूला आणखी लांब जावं लागलं आणि कानाला खबर उशिरा मिळाली.

दुसरा उपाय : स्प्रिंग सैल करणे. इथे मी एक गोष्ट विसरले. स्प्रिंग दोन कामं करते. ती गुडघ्याला अडवते, आणि झडप परत बंदही करते. फार सैल केली तर दांडी पूर्ण परतत नाही, झडप किंचित उघडी राहते आणि नाजूक जागी आवाज खाली येत नाही. ज्या विरोधाला मी दोष समजत होते, तोच वादकाला सांगत होता की झडप आता कुठे आहे.

तिसरा उपाय माझ्या मते सगळ्यांत शास्त्रीय होता : दांडी लांब करणे. गणित दहावीचं आहे. समजा बिजागरीपासून झडपेची तार ५ सेंमीवर बांधली आहे आणि तिला ४० न्यूटन ओढ लागते. गुडघा बिजागरीपासून १० सेंमीवर टेकला तर २० न्यूटन जोर लागेल. दांडी वाढवून गुडघा २० सेंमीवर आणला तर १० न्यूटन पुरेल, म्हणजे साधारण एक किलो वजनाइतका जोर. निम्मा झाला! मी खूश. पण तार १ सेंमी हलवायची असेल तर पहिल्या रचनेत गुडघा २ सेंमी सरकतो आणि दुसरीत ४ सेंमी. जोर आणि अंतर यांचा गुणाकार दोन्हीकडे ४०च. जोर वाचवला तेवढं अंतर वाढलं.

याहून मोठी चूक मात्र पुढे आहे आणि ती खास विज्ञानवाल्यांची आहे. मी प्रस्तावात ‘कार्य’ मोजलं होतं. भौतिकशास्त्रात विस्थापन नसेल तर कार्य शून्य. म्हणजे सरांनी गुडघा बाहेर दाबून लांब स्वरभर तसाच धरला, तर माझ्या वहीत त्याची नोंद शून्य होती. शरीराच्या वहीत ती सगळ्यांत महाग नोंद असते. पायडल मारताना स्नायू आवळतो-सुटतो, आवळतो-सुटतो. धरून ठेवताना तो सुटतच नाही. आवळलेल्या स्नायूत रक्ताचा पुरवठा कमी पडतो आणि तो लवकर थकतो. बादली विहिरीतून ओढणं आणि भरलेली बादली हात लांब करून नुसती धरून उभं राहणं, यातलं काय आधी असह्य होतं ते करून बघा. सर थकत होते ते ढकलण्यामुळे कमी, धरून ठेवण्यामुळे जास्त. आणि मी मोजत होते ढकलणं!

दुसरी गोष्ट मला उशिरा सुचली. ‘गुडघा दुखतो’ हे सरांचे शब्द मी जसेच्या तसे शीर्षकात टाकले होते. एकदा म्हटलं, “सर, बोट ठेवून दाखवा.” त्यांनी बोट ठेवलं ते कमरेखाली, खुब्याच्या बाजूला! नीट विचार केला तर ते साहजिक आहे. गुडघा पुढे-मागे दुमडतो, बाजूला असा फारसा वळत नाही. बसून गुडघा बाहेर नेतो तेव्हा हालचाल होते ती खुब्याच्या सांध्यात आणि काम करतात ते नितंबाच्या बाजूचे स्नायू. त्यात पाऊलही मोकळं नसतं. ते पायडल मारत असतं, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला गुडघा वर-खाली होतो आणि त्याच वेळी त्याने बाजूला मात्र स्थिर राहायचं असतं.

आता जरा परभणीबाहेर जाऊ. गुडघ्यावर सगळ्यांत जास्त भिस्त ठेवणारं वाद्य म्हणजे अमेरिकेतली पेडल स्टील गिटार. ती मांडीवर न धरता पायांच्या चौकटीवर आडवी ठेवतात. डाव्या हातात लोखंडी कांडी, उजव्या हाताने तारा छेडायच्या, एक पाय आवाजाच्या पेडलवर, दुसरा स्वर बदलणाऱ्या पेडलांवर. आणि दोन्ही गुडघ्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंना दांड्या. काही वाद्यांत गुडघा वर उचलून दाबायचीही एक दांडी असते. इथे दांडी आवाज वाढवत नाही, ती ठरावीक तारेचा स्वर अर्धा किंवा एक पूर्ण स्वर चढवते-उतरवते. अडचण मात्र सरांचीच : पाऊल पेडलावर गुंतलेलं आणि त्याच पायाच्या गुडघ्याने बाजूचं काम करायचं.

त्या वाद्याकडून आपल्या प्रश्नासाठी दोन गोष्टी शिकता येतात. पहिली, पेडलांची एक मांडणी बडी एमन्स यांच्या नावाने ओळखली जाते आणि तिच्या बरोबर उलट क्रमाची जिमी डे यांच्या नावाने. क्रम उलटला की घोटा उलट्या बाजूला कलतो. दोघेही नावाजलेले वादक, दोन्ही मांडण्या आजही चालतात. म्हणजे ‘सगळ्यांना आरामदायी’ अशी एकच रचना शोधायला निघालात तर वाट चुकलात. दुसरी, त्यातल्या एका दांडीवर दुसऱ्या क्रमांकाची तार आधी अर्धा स्वर आणि मग पूर्ण स्वर उतरते. मधल्या थांब्यावर गुडघ्याला विरोध वाढलेला जाणवेल अशी सोय मुद्दाम करतात. विरोध काढून टाकायचा नसतो, योग्य जागी ठेवायचा असतो. माझा स्पंज नेमका याच्या उलट वागला.

मग मोजायचं काय? साधनं आहेत, आणि ती प्रयोगशाळेशिवायही वापरता येतात. कॉर्लेट आणि बिशप यांनी १९७६ मध्ये शरीराचा नकाशा भागांत वाटून, कुठल्या भागात किती त्रास होतो हे ठरावीक वेळाने विचारायची पद्धत मांडली. मी ती आधी वाचली असती तर ‘गुडघा’ हा शब्द शीर्षकात गेलाच नसता. झांग, हेलँडर आणि ड्रुरी यांनी १९९६ मध्ये बसण्याच्या संदर्भात दाखवलं की त्रास आणि आराम ही एकाच पट्टीची दोन टोकं नाहीत. त्रासाचा संबंध ताण, वेदना, थकवा यांच्याशी जास्त आहे, तर आरामाचा मोकळं-निवांत वाटण्याशी. त्रास कमी झाला म्हणजे आराम मिळालाच असं नाही. स्पंजाने लाकडाचं टोचणं गेलं, तरी सरांना वाजवताना बरं वाटलं नाही, ते यामुळेच समजतं.

तिसरं साधन म्हणजे शरीराची मापं. देबकुमार चक्रबर्ती यांचं भारतीय शरीरमापांचं पुस्तक अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये काढलं. मापं वापरताना साधा नियम असा : हात-पाय पोचायला हवा असेल तर लहान शरीर धरून चाला, जागा मोकळी हवी असेल तर मोठं शरीर धरा. गुडघ्याच्या दांडीत दोन्ही एकदम हवं असतं. जाड मांडीच्या माणसाला ती नुसती बसल्यावर लागता कामा नये आणि किरकोळ माणसाला ती शोधत जावं लागू नये. सरासरी माप घेतलं तर दोघेही नाराज.

आपल्या परभणीचंच बघा. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठात शेतकरी महिलांचे काबाडकष्ट कमी करण्यावर काम होत आलं आहे. अवजाराच्या बाबतीतही हेच विचारावं लागतं : वाकणं वाचलं, पण भार खांद्यावर तर गेला नाही ना? हातपेटीकडून ऑर्गनकडे येताना हात सुटले आणि भार खुब्यावर गेला. ‘सुधारणा’ असा शब्द लिहिण्याआधी भार कुठून कुठे गेला, याचा हिशेब द्यायला हवा. माझ्या प्रस्तावात तो नव्हता, आणि मी तो विषय पुढे नेला नाही.

आज लिहायचं झालं तर प्रश्न असा लिहीन : ‘पायडल चालू असताना गुडघा आणि दांडी यांच्यातली मोकळी जागा बदलली, तर दांडी धरून ठेवताना खुब्याच्या बाजूला होणाऱ्या त्रासात आणि आवाजावरच्या ताब्यात काय फरक पडतो?’ शीर्षक लांब आहे, देखणं नाही. पण यात काय बदलायचं ते कळतं, काय मोजायचं ते कळतं, आणि उत्तर ‘काहीच फरक पडत नाही’ असंही येऊ शकतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ येऊच शकत नसेल, तर तो प्रश्न पुन्हा लिहा.

सरांचं काय झालं? ते किरकोळ अंगाचे आहेत. विश्रांतीच्या स्थितीत त्यांचा गुडघा आणि दांडी यांच्यात चार बोटं जागा होती. म्हणजे दांडीला टेकण्याआधीच खुबा चार बोटं ताणलेला, आणि धरून ठेवायचं ते त्याच्याही पुढे. मी त्या जागेत बसेल असा लाकडाचा ठोकळा केला, वर पातळ चामडं लावलं आणि दोन स्क्रूंनी दांडीवर बसवला. स्प्रिंगला हात लावला नाही. सर आता तीन-चार पदं सलग वाजवतात. पहिल्यासारखा पूर्ण कार्यक्रम नाही. आणि हा एका माणसाचा अनुभव आहे, याला संशोधन म्हणू नका. ठोकळ्याने फरक पडला की त्या महिन्यात सरांनी विश्रांती जास्त घेतली, हे मला सांगता येणार नाही.

सरांकडे शिकायला येणारा एक मुलगा चांगला धिप्पाड आहे. तो बसला की ठोकळा मांडीला लागूनच असतो आणि झडप जराशी उघडी राहते. म्हणून ऑर्गनच्या झाकणावर आता कायम एक पेचकस ठेवलेला असतो. त्याची पाळी आली की तो आधी दोन स्क्रू काढतो आणि मग वाजवायला बसतो.