‘हुशार’ आणि ‘ढ’

मुलावर मारलेला शिक्का त्याचे भवितव्य घडवितो, ह्या मताच्या पुष्ट्यर्थ ‘पिग्मॅलियन इन द क्लासरूम’ ह्या १९६८ सालच्या ग्रंथाचा हवाला हमखास दिला जातो. कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत रॉबर्ट रोझेन्थाल व लेनोर जेकबसन यांनी सुमारे पाचवा हिस्सा मुले चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली आणि चाचणीचा हवाला देऊन ‘ही यंदा चमकतील’ असे शिक्षकांस सांगितले. वर्षअखेर पहिली-दुसरीतील त्या मुलांचा बुद्ध्यंक इतरांहून अधिक वाढलेला आढळला; वरच्या इयत्तांत विशेष फरक पडला नाही.

रॉबर्ट थॉर्नडाइक यांनी त्याच वर्षी चाचणीच्या विश्वसनीयतेवर घेतलेले आक्षेप आम्हांस सबळ वाटतात. आमची तक्रार मात्र निराळी आहे. लेखकांनी काहींना ‘हुशार’ ठरविले. ‘ढ’ कोणासच ठरविले नाही. (ते योग्यच केले.) तरीही ‘ढ’ म्हटल्याने मूल ढ होते, ह्याचा पुरावा म्हणून लोक हाच ग्रंथ पुढे करतात! शीर्षकही फसवे. पिग्मॅलियनपुढे मुके हस्तिदंत होते. शॉची आणि पु. लं.ची फुलराणी निदान उलट उत्तर तरी देते.

स्टीफन राउडेनबुश यांनी १९८४ साली अशा १८ प्रयोगांची एकत्र छाननी केली. शिक्षकाची मुलांशी दोन आठवड्यांहून अधिक ओळख आधीच झालेली असेल, तर बाहेरून आलेल्या भाकिताचा परिणाम जवळजवळ उरत नाही, असे त्यांस दिसले. बदलीमागून बदली होऊन मुलांना नवनव्या शाळांत घालणाऱ्या आपल्या वाचकांना हा शोध मूळ ग्रंथाहून मोलाचा वाटावा. जुने प्रगतिपुस्तक नव्या वर्गशिक्षकांच्या हाती पहिल्याच दिवशी द्यावे की पंधरवड्याने, हा प्रश्न मग किरकोळ राहत नाही.