जीर्णोद्धार नव्हे, नवी रचना

उत्तर पोर्तुगालात, ब्रागा शहराच्या ईशान्येस, सांता मारिया दो बोउरो हा सिस्टर्सियन संन्याशांचा मध्ययुगीन मठ आहे. १८३४ साली शासनाने देशातील संन्यासी-संघ विसर्जित केले आणि मठ ओस पडला. छपरे गेली, ग्रॅनाइटच्या भिंती तेवढ्या उरल्या. १९९७ साली तेथे प्रवाशांसाठी 'पौजादा', म्हणजे विश्रामगृह, सुरू झाले. त्याचे वास्तुकार एदुआर्दो सोउतो दे मोउरा व उंबेर्तो व्हिएइरा.

गोव्यातील वाचकास ही हकीकत परकी वाटू नये. तीच लाट १८३५ साली गोव्यात पोहोचली आणि जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीनचा मठ निर्मनुष्य झाला. त्याच्या भग्न मनोऱ्याकडे आपण मान वर करून पाहतो आणि परततो. बोउरो येथे मात्र मनुष्य मुक्काम करतो; आणि भग्नावशेषात निजावयाचे म्हणजे काय, हा प्रश्न तेथूनच निर्माण होतो.

सोउतो दे मोउरा यांची भूमिका अशी, की आपण मठाचा जीर्णोद्धार केला नाही. हाती आलेल्या दगडांतून नवी वास्तू बांधली. आपल्या 'जीर्णोद्धार' या शब्दात उद्धाराची, म्हणजे पुण्याची, भावना आहे. ती येथे कटाक्षाने नाकारलेली दिसते. खिडक्यांना जुन्या वळणाच्या चौकटी न देता अखंड काचा बसविल्या आहेत. प्रांगणाभोवतीच्या ओवऱ्या छपराविना तशाच ठेविल्या आहेत. जुन्या मुदपाकखान्यात आता पाहुणे जेवतात. नव्याने जुन्याचे सोंग घेतलेले नाही, ही या वास्तूची सर्वांत मोठी सचोटी. जुन्या शब्दांत नवी कविता लिहिणारा कवी पूर्वसूरींची नक्कल करीत नाही, तसेच हे.

परंतु एका जागी माझे मन अडखळते. वरची कौलारू छपरे पुन्हा न घालता सपाट गच्ची घालून तिच्यावर गवत वाढू दिले आहे. दुरून पाहणाऱ्यास मठ अद्याप पडकाच आहे असे भासावे, हा हेतू स्पष्ट आहे. आत उबदार खोल्या, बाहेर पडझडीचा देखावा! खऱ्या भग्नतेला कोणी पाहावे अशी अपेक्षा नसते. येथे ती आहे, म्हणून गवताचा हा अभिनय मला उर्वरित वास्तूच्या निर्भीडपणाशी विसंगत वाटतो. (१९९७ पासून सरलेल्या वर्षांनी हा दोष बराच पुसला असेल, गवताला वास्तुशास्त्र कळत नाही.)

आणखी एक गोष्ट टीकाकाराने नजरेआड करू नये. सिस्टर्सियन संन्यासी ज्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीने चालत, तिच्या त्रेपन्नाव्या प्रकरणात आलेल्या पाहुण्याचे स्वागत प्रत्यक्ष ख्रिस्ताप्रमाणे करावे असे सांगितले आहे. म्हणजे निवासगृह मठावर लादले गेले असे म्हणता येत नाही. आतिथ्य तेथे पूर्वीपासून होते. फरक एवढाच, की तेव्हा दार ठोठावणारा यात्रेकरू वा दरिद्री असे आणि आता खोलीचे भाडे परवडणारा प्रवासी असतो. त्या खोलीत निजलेल्यास शांतता विपुल मिळते, पण तिच्यासाठी त्याला कशाचा त्याग करावा लागत नाही. मठाला लागून असलेले चर्च मात्र आजही गावाचे आहे. तेथे जाण्यास भाडे पडत नाही.